गावाकडं पडलेली माणसं

"मेलेल्या मानसाभवती पोलीस काढत्यात, तसलंच काढताय व्हय मॅडम?" फ्लेक्सवर आडवी झालेली साळूबाई म्हणाली, आणि भोवतीच्या सगळ्याजणी फिसकन हसल्या.

"हलू नका हो, पोट मोठं येईल," निकिता मॅडम म्हणाल्या.

"यिऊ द्या की. तेवढंच खात्यापित्या घरची दिसंन मी."

मार्कर माझ्या हातात होता. साळूबाईच्या डोक्यापासून रेघ ओढायला घेतली ती मान, खांदा, कूस अशी करत मी तिच्या भेगाळलेल्या टाचांपर्यंत आले. फ्लेक्स कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. पुढारी जमिनीकडे तोंड करून पालथे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर साळूबाई. ती उठली तेव्हा तिच्या जागी एक जाडजूड, बिनचेहऱ्याची बाई उरली.

सावेडीतल्या त्या इमारतीचं बाहेरून प्लास्टर चालू होतं. जेवणाची सुट्टी होती आणि आम्ही खाली पार्किंगच्या जागेत बसलो होतो. बायका फ्लेक्सभोवती, पुरुष जरा लांब, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर, तंबाखू मळत. माझी राजी दोन खांबांमध्ये बांधलेल्या झोळीत झोपलेली. मी मार्कर ओढता ओढता मधूनच मान वाकडी करून बाहेर बघत होते. इमारत काटकोनात वळलेली आहे, त्यामुळे बसल्या जागेवरून समोरच्या बाजूची परांची दिसायची. खालपासून वरपर्यंत बांबूला बांबू बांधलेले, आणि अगदी वरच्या कोपऱ्यात, एका आडव्या बांबूवर, ती गाठ.

सकाळपासून माझा जीव त्या गाठीत अडकला होता.

"आता सगळ्यांना सांगा ताई, काय करायचं ते," मॅडम मला म्हणाल्या.

मॅडम नगरच्या समाजकार्य महाविद्यालयातल्या. बांधकामावर बाहेरगावाहून आलेल्या माणसांना कशानं लागतं, कुठं लागतं, ते कसं टाळता येईल, ह्याची पाहणी त्या करत होत्या. पण पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "ही पाहणी आमची नाही, तुमची. प्रश्न तुम्हीच ठरवायचे, एकमेकींना तुम्हीच विचारायचे, आणि निघेल ते शेठपुढे आपण मिळून ठेवायचं." त्यासाठी प्रत्येक साइटवर त्यांना कामकऱ्यांमधलीच एक 'साथी' हवी होती. मी पाथर्डीच्या कॉलेजातून बी.ए. केलेलं. इथं घमेली उचलते ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना माहीत नाही. त्यांना पाठवायचे फोटो मी शेजारच्या बंगल्याच्या बोगनवेलीपुढे उभी राहून काढते, पत्र्याची खोली येणार नाही अशा बेतानं. साथी झाले आणि मॅडम मला 'ज्ञानेश्वरी ताई' म्हणायला लागल्या, तेव्हा कितीतरी दिवसांनी माझी मान आपोआप ताठ झाली होती.

मी उभी राहिले. "हे बघा, कुणाचं नाव लिहायचं न्हाई. जिथं लागलंय तिथं टिकली लावायची. साइटवर लागलं असंल तर लाल. गावाकडं, घरी, रस्त्यात कुठं लागलं असंल तर हिरवी."

"आन गड्यांनी?" एक जण लांबून म्हणाला. "आमी बी टिकल्या लावायच्या का आता?"

"लावा की," साळूबाई म्हणाली. "कुकवाचा करंडा बी देते."

गडी हसले, पण जागचे हलले नाहीत. शेवटी ठरलं की पुरुषांच्या वाटच्या टिकल्या त्यांच्या त्यांच्या बायकांनी लावायच्या. बिहारची पोरं एकटी राहतात, त्यांच्या मी लावायच्या.

परांची बांधायचं काम ह्यांचं. हे म्हणजे राजीचे बाबा. साइटवर सगळे त्यांना बजरंगदा म्हणतात. परांचीची एक रीत आहे. ज्यानं बांधली त्यानं आधी एकट्यानं वरपर्यंत जायचं, गाठ न् गाठ हातानं ओढून बघायची. खाली आलं की सगळ्यांदेखत पहिल्या आडव्या बांबूला लोंबकळून झोका घ्यायचा, आणि मग म्हणायचं, "या." त्या 'या'शिवाय कुणी पाय टाकत नाही. शेठ आला तरी नाही. लग्न होऊन मी पहिल्यांदा साइटवर आले तेव्हा ह्यांनी 'या' म्हटल्यावर तेवढी माणसं मुकाट वर चढताना बघून मला वाटलं होतं, आपल्याला मोठ्या माणसाच्या घरी दिलंय.

दिवाळीच्या आधी, दुसऱ्या एका साइटवर, हे पडले. स्वतः बांधलेल्या परांचीवरून, स्वतःच्या गाठीवरून. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचले. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, कानातून रक्त येत होतं, आणि ते एकच सांगत होते, "घाटात गाडी घसरली म्हन. करंजी घाटात. कुनी बी इचारलं तरी." मी दवाखान्यातही घाटच सांगितला. गावी सासूबाईंनाही घाटच सांगितला. त्या बिचाऱ्यांनी घाटातल्या मारुतीला नारळ फोडला.

तेव्हापासून उंचावर गेलं की त्यांना गरगरतं. घराच्या उंबऱ्याइतक्या उंचीवर काही नाही, पण दुसऱ्या मजल्यावर हात सुटतात. आणि परांची बांधणाऱ्याला गरगरतं हे कळलं तर त्याला मुकादम ठेवत नाही. पडलेला माणूस अपशकुनी, तो एकटा पडत नाही, असं मुकादम लोक मानतात.

म्हणून उजाडता उजाडता, बिहारच्या पोरांची चूल पेटायच्या आत, मी चढते. ह्यांची पँट आणि शर्ट घालून. हे राजीला कडेवर घेऊन खाली उभे राहतात आणि हळू आवाजात सांगतात: डावीकडनं घे, दोन येढे दे, वढ, अजून वढ. गाठ मला येते. ह्यांनीच शिकवली, राजीची झोळी बांधण्यासाठी. वर असताना मी खाली बघत नाही, पण राजीची टोपी मात्र बघते. ती दिसली की वाटतं, अजून सगळं जागेवर आहे.

त्या दिवशी सकाळी वरच्या कोपऱ्यात काथ्याची दोरी आवळताना तिचा भुगा माझ्या तळहातावर आला. मी तरी गाठ मारली. दुसरं जवळ काही नव्हतं. खाली येऊन म्हटलं, "अहो, वरची दोरी कुजलेली हाय."

"गाठ बसली का?"

"गाठ बसली. दोरी बरी न्हाई."

"मुकादमाला कालच मागितली. हाय त्यात भागव म्हनला."

"मग त्या कोपऱ्यात कुनाला जाऊ देऊ नका आज."

"काय सांगू? माझ्या बायकूनं बांधलीय, म्हनून जाऊ नका?"

मग माणसं जमली. हे पहिल्या बांबूला लोंबकळले. झोका घेतला. "या," म्हणाले. सकाळभर प्लास्टर खालच्या मजल्यांवर चाललं. वरचा कोपरा जेवणानंतर धरायचा होता.

आणि आता जेवण झालं होतं.

टिकल्या लागायला लागल्या. सगळ्यात आधी भागूबाईनं मनगटावर लाल लावली, तिला घमेल्याची कड लागली होती. कुणाच्या बोटावर लाल, पायात खिळा घुसला त्याची लाल. ही सगळी बारीक दुखणी. मग पाठीवर, खुब्यावर, डोक्यावर लागायला लागल्या त्या हिरव्या.

"ह्यांच्या कमरेवर लाव गं," एक जण म्हणाली. "हिरवी. झाडावरनं पडलं हुतं गावी."

"आमच्या येड्याची बी हिरवीच. गच्चीवरनं पडलं, जागरन गोंधळाच्या टायमाला."

साळूबाईनं बरगडीवर हिरवी लावली. "आमच्या मालकाला बैलानं मारलं." तिचे मालक म्हणजे गहिनीनाथ, प्लास्टरचे मिस्त्री. गोणीवर बसून ते थापी पुसत होते.

मी बिहारच्या पोरांना विचारलं. एकाचा हात कोपरातून सरळ होत नाही. "गाँव में गिरा था, दीदी," तो म्हणाला. दुसऱ्याच्या कपाळावर शिवण आहे. "वो भी गाँव में." त्यांचं गाव आमच्या गावांइतकंच घसरडं होतं.

"ताई, तुमच्या ह्यांना काही लागलंय का?" मॅडमनी विचारलं.

माझ्याकडे सगळ्या बायकांनी पाहिलं. लांबून ह्यांनी पाहिलं नाही, पण तंबाखू मळायची त्यांची बोटं थांबली. मी वाकले आणि फ्लेक्सवरच्या बाईच्या डोक्याला, कानाच्या जरा वर, एक हिरवी टिकली चिकटवली.

"घाटात गाडी घसरली," मी म्हटलं. बोटं पुन्हा चालू झाली.

थोड्या वेळानं हिरव्या टिकल्यांचं पाकीट संपलं. लालचं तसंच भरलेलं. मुकादम कधी येऊन खांबाला टेकून उभा राहिला ते कळलं नव्हतं. तो खुशीत होता. "बघा मॅडम, मी काय म्हनलो हुतो? आपली साइट लई सेफ हाय. ह्या लोकांचं गावाकडंच काय काय चाललेलं असतंय."

मॅडम फ्लेक्सकडे बघत होत्या. सोमवारी त्या शेठला भेटणार होत्या. नव्या दोऱ्या, जाळी, वरच्या माणसांना पट्टे, हे मागायचं असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. शेठ म्हणाला होता, साइटवर कुणाला लागलंय ते दाखवा, मग बघू. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "ताई, मी शेठना काय दाखवू? इथं तर कुणीच पडलेलं नाही."

मला तेव्हाच ते दिसलं. म्हणजे माहीत होतं, पण एकाच अंगावर एवढं दाटीवाटीनं कधी दिसलं नव्हतं. साइटवर कुणीच पडत नाही. सगळे गावीच पडतात. आम्ही एकटेच खोटं बोलतोय असं वाटून मी इतके दिवस बायकांच्या नजरेला नजर देत नव्हते, आणि इथं प्रत्येकीच्या पदराखाली एक एक घाट होता.

बाहेर कुणीतरी मिक्सर चालू केला. सुट्टी संपली. गहिनीनाथांनी डोक्याला फडकं बांधलं, थापी कमरेला खोचली आणि उभे राहिले.

"बजरंगदा, वरच्या कोपऱ्यापासनं धरतो मंग."

"धर," हे म्हणाले. जमिनीकडे बघून म्हणाले.

"बजरंगदा म्हनलं की आमचे मालक डोळं झाकून चढत्यात बघा," साळूबाई मला म्हणाली. ती कौतुकानं म्हणाली.

राजी झोळीत चुळबुळली. झोळी बांधताना मी दोरी रोज तीनदा ओढून बघते, मग पदरानं चाचपते, मग स्वतःचा भार टाकून बघते. तरी रात्री स्वप्नात ती सुटते. सकाळच्या त्या दोरीवर मी राजीला घटकाभरही निजवलं नसतं.

मी फ्लेक्सवर गुडघे टेकले. कानाजवळची हिरवी टिकली नखानं काढली. ती नीट निघेना, गोंदाचा डाग राहिला. त्या डागावर मी लाल टिकली दाबली.

"घाटात न्हाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हटलं. "हे घाटात न्हाई पडले. साइटवर पडले. परांचीवरनं."

मिक्सर तेवढा फिरत होता.

"गहिनीनाथ दादा, वर जाऊ नका. कोपऱ्यातली दोरी कुजलीय." आता थांबले असते तरी चाललं असतं. एवढ्यावर ह्यांची थोडी तरी अब्रू राहिली असती. पण दोरी कुजलीय हे तुला कसं कळलं, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर उभा होता. "ती गाठ मी बांधलीय. दिवाळीपासनं मीच बांधते वरचं. ह्यांना गरगरतं."

मला वाटलं होतं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तोंडातला तंबाखू बाजूला जाऊन थुंकला, हात पँटला पुसले. "पोरगी उठली बघ," म्हणाले. राजी उठली नव्हती. तरी ते झोळीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून झोका देत उभे राहिले.

गहिनीनाथ जिन्यानं आतून वर गेले. कोपऱ्यातल्या खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून त्यांचा हात बाहेर आला, त्यानं दोरी धरली आणि हिसका दिला. बांबू एका अंगाला लोंबला. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. फक्त ह्यांनी नाही.

खाली येऊन गहिनीनाथांनी दोरीचा तुकडा फ्लेक्सवर ठेवला, त्या बाईच्या पायाशी. गाठ जशीच्या तशी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी काथ्या विस्कटून तुटलेला.

"गाठ चांगली हाय वैनी," ते म्हणाले. "दोरी मेलेली हाय."

मग साळूबाई पुढं आली. तिनं बरगडीवरची हिरवी टिकली काढली आणि मुकादमाकडे बघितलं. "आमच्या मालकाला बैलानं मारलं म्हनलं मी. आवं, आमच्यात बैल हुताच कवा?"

कुणीतरी हसलं. साळूबाईनं लाल लावली. झाडावरून पडलेला परांचीवरून पडला. गच्चीवरून पडलेला लिफ्टच्या खड्ड्यात पडला. बिहारचा पोरगा हात पुढं करून म्हणाला, "दीदी, मेरा भी बदल दो." मुकादम फोन कानाला लावून बाहेर गेला. मॅडम फोटो काढत होत्या, त्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्या मला म्हणत होत्या, "ताई, तुमच्यामुळं झालं हे. तुम्ही केवढं मोठं काम केलंत." बायका मला हात लावत होत्या. मी मान वर करू शकत नव्हते. झोळीचा झोका थांबला होता, तरी ते तिथंच, खांबाकडे तोंड करून उभे होते. चारचौघांत नवऱ्याच्या अंगावरचं वस्त्र ओढावं तसं मी केलं होतं आणि लोक मला शाबास म्हणत होते.

संध्याकाळी मी भाकरी वाढली. ते जेवले. राजीला मांडीवर घेऊन तिला कालवण-भाकरीचे घास भरवले, काटाच नसलेल्या वांग्यात काटा शोधत बसले. मी दोनदा "अहो" म्हटलं. निजताना ते म्हणाले, "पँट धुऊन टाक माझी."

मी त्याच वेळी उठून धुतली. बांबूच्या कुसळांनी गुडघ्यांवर धागे निघाले होते. ते माझ्या गुडघ्यांचे होते.

शेठनं फ्लेक्स बघितला. उन्हात, भिंतीला टेकवून, आम्ही सगळ्याजणी मागे उभ्या राहून. बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "एवढे?" आठवड्यानं नव्या दोरीची बंडलं आली. पट्टे आले. जाळीचं अजून बोलणंच चालू आहे, मॅडम पाठपुरावा करताहेत. मुकादमानं ह्यांना काढलं नाही. शेठनं सांगितलं म्हणून असेल. पण कामावर ठेवलं ते खाली. बांबू निवडायचे, दोरीचे तुकडे पाडून द्यायचे. हे काम नव्यानं आलेल्या माणसाला देतात.

परवा नव्या बाजूची परांची उभी राहिली. ती ह्या वेळी गहिनीनाथांनी बांधली होती. ते पट्टा लावून वर गेले, गाठी ओढत खाली आले. त्यांनी पहिल्या बांबूला लोंबकळून झोका घेतला, जरा लाजतच. मग सगळे थांबले. घमेली भरलेली, मिक्सर फिरत होता, आणि कुणी हलेना. सवयीनं सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या होत्या.

हे परांचीच्या पायथ्याशी उकिडवे बसून नवी दोरी तोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तूच म्हन," ते गहिनीनाथांना म्हणाले.

गहिनीनाथ खाकरले. "या," म्हणाले, पण इतकं हळू की मागच्यांना ऐकू गेलं नाही. रांग तशीच उभी राहिली.

ह्यांनी कोयता खाली ठेवला. पूर्वी द्यायचे तसा मोठ्यानं, पण खाली बघूनच, आवाज दिला, "या म्हनतोय तो."

रांग हलली. माझं घमेलं साळूबाईनं माझ्या डोक्यावर ठेवलं. परांचीकडे जायची वाट अरुंद आहे, ह्यांच्या अगदी जवळून जावं लागतं. मी जवळ आले तसे त्यांनी पाय आखडून घेतले, अनोळखी बाईला वाट देतात तसे, आणि पुढची दोरी मोजायला घेतली.